पंधराचा फ्यूज

आमच्या दारात चारचाकी उभी राहिली ती 2013 साली. नवी नव्हे, पाच वर्षं वापरलेली, पेट्रोलची, पांढरी. नगरच्या एका ओळखीच्या शिक्षकानं बदली झाली म्हणून विकायला काढली आणि मी सोसायटीचं कर्ज काढून घेतली. करंजी आणि तिसगावच्या मधल्या पट्ट्यात आमचं गाव. कल्याण-विशाखापट्टणम रस्त्यावरून आत वळलं की तीन किलोमीटर. गावात तेव्हा जीपा होत्या, पिकअप होत्या, ऊसतोडीच्या टोळ्या नेणारे ट्रॅक्टर होते. पण घरच्या माणसांनी नुसतं बसून जायची गाडी म्हणजे तालेवाराचं काम. आईनं गाडीला हळदीकुंकू लावलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. काकीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. बापू मात्र ओट्यावरून उठले नाहीत. एवढंच म्हणाले, "बॅटरीची निगा राख."

बापू म्हणजे माझे वडील. बहात्तरच्या दुष्काळात ते खडी फोडायला होते. दुष्काळ सरला, विहिरी खोल गेल्या, शिवारात खांब आले, खांबांवर तारा आल्या. विहिरीवरच्या डिझेल इंजिनांच्या जागी पाच एचपीच्या मोटारी बसल्या. मोटारी आल्या तशा त्या जळायलाही लागल्या. बापूंनी ते बरोबर हेरलं. नगरला एका रिवाइंडिंगच्या दुकानात दोन वर्षं जेवणावारी राबले आणि परत येऊन तिसगावात पत्र्याच्या टपरीत स्वतःचं दुकान टाकलं. माझं अर्धं बालपण त्या टपरीत गेलं. जळालेल्या वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची रिळं, स्लॉटमध्ये घालायचा खाकी कागद, कॉइल बांधायची सुती पट्टी, आणि भिंतीवर टांगलेला सिरीज लॅम्प.

हा सिरीज लॅम्प म्हणजे बापूंचा स्टेथोस्कोप. एक साधा शंभर वॅटचा दिवा, त्याला जोडलेल्या दोन लांब वायरी. मोटर आली की आधी त्या दोन वायरी लावायच्या. एक टोक कॉइलला, एक मोटारीच्या बीडाला. दिवा पेटला नाही तर मोटर धड. दिवा पेटला की बापू म्हणायचे, "बॉडी दाखवतीय." म्हणजे आतली तार सोलून बीडाला लागलीय. मोठा बिघाड असला तरी दिवा मधे असल्यानं वीज जेवढी दिव्यातून जाईल तेवढीच जाणार. काही जळत नाही, कुणाला इजा नाही, आणि खोट मात्र उघडी पडते.

पुढं पाणबुडी मोटारी आल्या, तालुक्याला मोठी दुकानं निघाली, बापूंचे हात थरथरायला लागले. 2009 साली टपरी बंद झाली. सिरीज लॅम्प घरी आला आणि माळवदाच्या खुंटीला लटकला. त्यानंतर बापूंना कुणी काही दुरुस्त करायला सांगितलं नाही. मीही नाही.

जानेवारी 2016. शाळेतून येताना गाडी गावच्या वळणावर एकाएकी बंद पडली. ना धक्का, ना आवाज. दिवा फुंकावा तशी विझली. चावी फिरवली की स्टार्टर फिरायचा, खणखणीत फिरायचा, पण इंजीन पकडायचं नाही. शेजारच्या पोराच्या ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला पोरगा आला. हुशार पोरगा, हातात स्कॅनर. त्यानं स्टिअरिंगखाली वायर लावली, बटणं दाबली, पुन्हा दाबली. म्हणाला, "सर, स्कॅनर बोलतच नाही गाडीशी. ईसीएम गेलं."

ईसीएम म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. जुन्या गाड्यांना कार्ब्युरेटर असायचा. पेट्रोल आणि हवा किती मिसळायची ते त्यातली भोकं आणि सुया ठरवायच्या. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. आता इंजीन किती फिरतंय, किती तापलंय, पाय किती दाबलाय, धुरात प्राणवायू किती उरलाय, हे सगळं निरनिराळे सेन्सर या डबीला सांगतात. मग ती डबी ठरवते पेट्रोलचा फवारा किती वेळ सोडायचा ते. सेकंदाच्या हजाराव्या भागांत चालणारा हिशेब. डबी मेली तर गाडी म्हणजे नुसतं लोखंड.

"किती खर्च?" मी विचारलं.

"नवीन टाकलं तर बावीस हजार धरा. जुनं पुण्यातून मिळालं तर बारा-तेरा. पण त्याची गॅरंटी नाही."

बावीस हजार माझ्याकडं होते. आईच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, तिच्या ऑपरेशनला ते बाजूला ठेवलेले. पुढच्याच आठवड्यात नगरला दाखवायची तारीख मिळाली होती. मी ओट्यावर बसून मनातल्या मनात बेरजा-वजाबाक्या करत होतो. नगर म्हणजे खरं तर गाड्यांचं गाव. संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई, तिथं. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र तिथं. 1994 पासून रणगाड्यांचं संग्रहालय तिथं. चाळीस-पन्नास टनांचे रणगाडे चालते ठेवणारी माणसं पन्नास किलोमीटरच्या आत, आणि माझी पाव टन माणसं नेणारी गाडी कडब्याच्या गंजीशेजारी बेवारस उभी.

बापू बाजूला बसून तंबाखू मळत होते. पोरगा गेल्यावर म्हणाले, "चावी दिल्यावर तिथं पिवळा दिवा लागत होता ना? इंजनाच्या चित्राचा?"

"हो."

"आता लागतो का?"

मी जाऊन पाहिलं. बॅटरीचा तांबडा दिवा लागला, ऑइलचा लागला. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा मात्र लागला नाही. एवढे दिवस तो दिवा चावी दिल्यावर दोन क्षण लागून विझायचा, हे माझ्या रोजच्या नजरेखालचं. पण तो आता लागत नाही, हे मला दिसलं नव्हतं. मागच्या सीटखाली पेट्रोलचा पंप चावी दिल्याबरोबर 'ऊंऽ' करायचा, तोही गप्प होता.

"ती डबी बिघडली असती," बापू सावकाश म्हणाले, "तर काहीतरी वेडंवाकडं बोलली असती. ही बोलतच नाही, दिवाबी लावत नाही. मेलीय का उपाशी हाये, ते आधी बघावं लागंल. तिला करंट पोचतोय का?"

माझ्या मनात आलं ते लिहायला मला आज लाज वाटते. मला वाटलं, म्हाताऱ्याला यातलं काय कळतंय. मोटारीचं वाइंडिंग वेगळं आणि कॉम्प्युटर वेगळा. पण खिशातले बावीस हजार जाण्याआधी एक तास बापूंच्या मनासारखं केलं तर काय बिघडतं, म्हणून मी बॉनेट उघडलं.

बापूंनी इंडिकेटरचा एक जुना बल्ब मागितला. त्याला दोन वायरी गुंडाळून घेतल्या. त्यांची बोटं थरथरत होती, म्हणून वायर सोलायचं काम मी केलं. एक टोक बॅटरीच्या वजा बाजूला अडकवलं. बॅटरीशेजारी काळी पेटी होती. तिच्या झाकणाच्या आत फ्यूजचा नकाशा छापलेला. मी इंग्रजी वाचत गेलो: हॉर्न, हेडलाइट, पंखा, आणि एका घरासमोर नुसती दोन अक्षरं, 'एफ आय'. फ्युएल इंजेक्शन. गॅरेजवाल्या पोरानं फ्यूज पाहिले होते, पण ते स्टिअरिंगखालच्या पेटीतले. ही बॉनेटमधली पेटी त्याच्या घाईत राहून गेली होती.

या पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. फ्यूज न काढताच त्यांना दिव्याचं टोक टेकवता येतं. बापू म्हणाले तसं मी एका ठिपक्याला टोक लावलं, बल्ब पेटला. दुसऱ्याला लावलं, बल्ब पेटला नाही.

"झालं," बापू म्हणाले. "अलीकडं पाणी हाये, पलीकडं न्हाई. दारं मधीच फुटलंय."

फ्यूज उपसून काढला. नखाएवढा निळा तुकडा, त्याच्या पोटातली तार मधोमध वितळून तुटलेली. निळा म्हणजे पंधरा अँपिअरचा. या फ्यूजांचे रंग ठरलेले असतात: दहाचा तांबडा, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तीसचा हिरवा. मी मोटरसायकलवर तिसगावला गेलो. तिथल्या दुकानात पंधराचा नव्हता, तीसचा होता. दुकानदार म्हणाला, "हाच न्या सर, दणकट हाये, परत जाणार न्हाई." मी घेऊन आलो. बापूंनी हिरवा रंग पाहिला आणि तो हातातही घेतला नाही.

"पंधराचा आण."

"बापू, तीसचा चालतोय म्हणतो तो. उलट टिकेल."

"फ्यूज टिकायसाठी नसतो. पाथर्डीला जा, पंधराचा आण. चार आण."

आवाज असा होता की मी पुन्हा मोटरसायकलला किक मारली. पाथर्डीत मिळाले. चार निळे फ्यूज, चाळीस रुपये. त्यातला एक बसवला, चावी दिली. पिवळा दिवा लागला, पंप 'ऊंऽ' करून थांबला, आणि पहिल्या फेऱ्यात इंजीन सुरू झालं. काकी चुलीपासून पळत बाहेर आली. गॅरेजवाल्या पोराला फोन केला, तोही मनापासून हसला. म्हणाला, "सर, बाबांना माझ्याकडं लावून द्या."

बापू मात्र हसले नाहीत. तुटलेला फ्यूज उजेडाकडं धरून बघत होते. म्हणाले, "का गेला, ते कुठं कळलं?"

मी म्हणालो, "जुना झाला असेल." गाडी चालू झाली होती, माझ्या लेखी विषय संपला होता. बापू परत ओट्यावर जाऊन बसले.

फ्यूज ही गोष्ट मी मुलांना वर्गात दरवर्षी शिकवतो. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. म्हणून मर्यादेपेक्षा जास्त वीज वाहू लागली की फ्यूजची बारीक तार घरातल्या बाकीच्या तारांआधी वितळते आणि वाट तोडते. एडिसननं घराघरात वीज द्यायला सुरुवात केली तेव्हाच त्याला याची गरज कळली होती, 1890 साली त्यानं फ्यूजचं पेटंट घेतलं. फळ्यावर मी आकृती काढतो, मुलं वहीत उतरवून घेतात, दोन मार्क मिळतात. पण हे वाक्य मला खरं कळलं ते चार दिवसांनी, करंजी घाटात.

आईला घेऊन आम्ही सकाळी निघालो. पुढं बापू, मागं आई. काकी घरीच थांबली होती. दहाची वेळ दिली होती. करंजी मागं टाकली, घाट लागला. पुढं उसाची मोळी रचलेला ट्रक मुंगीच्या पावलानं चढत होता, म्हणून मी दुसऱ्या गिअरवर गाडी रेटत होतो. एका वळणावर गाडीनं गचका खाल्ला आणि पुन्हा तशीच विझली. मी कशीबशी कडेला घेतली, बापूंनी उतरून चाकामागं दगड लावला. बॉनेट उघडलं. निळा फ्यूज गेलेला.

दुसरा बसवला. चावी दिली. पिवळा दिवा लागलासा वाटला आणि विझला. तोही गेला. आता दोनच उरले होते.

मागून येणारा एक टेंपोवाला थांबला. भला माणूस. वाकून बघितलं आणि म्हणाला, "एवढंच ना? आरं दादा, तार घाला की. आमची गाडी वर्षभर तारेवर चालतीय." त्यानं आपल्या टेंपोतून तांब्याच्या वायरीचा तुकडा आणला, दातानं सोलला आणि माझ्या हातात दिला. दहाला वीस मिनिटं कमी होती. मागं आई पदरानं डोळे टिपत बसली होती. उजेड तिला सहन होत नव्हता. मी तारेचा आकडा केला आणि फ्यूजच्या घरात घालायला वाकलो.

बापूंनी माझं मनगट धरलं. थरथरणारा हात, पण पकड मोटारीचा पुलर धरावा तशी.

"न्हाई."

"बापू, नगरपर्यंत फक्त. तिथं काढून टाकू."

"मी बी तसंच म्हणलो होतो," बापू म्हणाले. "चार दिवसांनी काढू."

टेंपोवाल्याला काही कळलं नाही. मलाही लगेच कळलं नाही. पण मागच्या सीटवर आईचा पदर डोळ्यावरच थांबला, ते मला काचेतून दिसलं.

आमचे धाकटे चुलते, तात्या, 1986 साली गेले. मी तेव्हा सातवीत होतो. वैशाखातली वळवाची रात्र होती. पहाटे ते घासाला दारं धरायला गेले आणि ओल्या वाफ्यात पडलेल्या तारेवर त्यांचा पाय पडला. वाऱ्यानं तार तुटली होती. घरात त्यावर एवढंच बोललं जायचं: 'वाऱ्यानं तार तुटली.' काकी तेव्हा बावीस वर्षांची होती. ती माहेरी गेली नाही, आमच्यातच राहिली. आम्हा भावंडांना तिनं पोटच्या पोरांसारखं केलं.

बापू घाटातल्या त्या वळणावर, उघड्या बॉनेटशी उभं राहून, माझ्याकडं न बघता सांगत होते. त्या वर्षी माघात गव्हाला पाणी चाललं होतं. डीपी लहान, मोटारी जास्त. एका रात्रीत तीन-तीनदा फ्यूज उडायचा. वायरमन तीन गावांना मिळून एक. लोक बापूंच्या मागं लागले, तुम्हीच जाणकार, तुम्हीच काहीतरी करा. बापूंनी ॲल्युमिनियमच्या तुटक्या तारेचा एक पदर उकलला आणि डीपीच्या पेटीतल्या किटकॅटमध्ये घातला. चार दिवसांची सोय. गहू निघाला, पण ती तार तिथंच राहिली. तीन महिने फ्यूज एकदाही उडाला नाही. लोकांनी बापूंना चहा पाजला.

"वाऱ्यानं तार तुटली ते खरं," बापू म्हणाले. "पण तुटायच्या आधी तारेला तार लागली व्हती. दोन्ही तारा जळाल्याली खूण मी सकाळी बघितली. बारीक फ्यूज असता तर तिथंच उडाला असता. लाईन मेली असती. मेलेली तार घासात पडली असती आन् तात्या ती उचलून बांधाला टाकून दारं धरत बसला असता."

टेंपोवाला केव्हा निघून गेला ते कळलं नाही. ट्रक घुंऽ करत चढत होते. मला काय बोलावं सुचेना. तीस वर्षं हा माणूस टपरीत बसून दुसऱ्यांच्या मोटारी भरत होता. फ्यूजला जाड तार मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला शिव्या देऊन हाकलत होता. आम्हाला वाटायचं, म्हातारा तापट आहे.

मागून आई म्हणाली, "मला ठाऊक होतं."

बापूंनी मान वळवली.

"त्या रात्री तुम्ही तारेचा पदर आडव्या मेढीला ठेवून उकलत होता, मी कंदील धरला होता," आई म्हणाली. "आन् तिलाबी ठाऊक हाये. मीच सांगितलं व्हतं, दुसऱ्या वर्षी. ती म्हणली, भाऊजींना बोलू नका. त्यांचं दुकान बंद पडंल."

बापू काही वेळ रस्त्याच्या कठड्यावर बसले. मग उठून म्हणाले, "बल्ब काढ."

तो इंडिकेटरचा बल्ब त्यांनी परवाच्या वायरींसकट खिशात घालून आणला होता. या वेळी त्यांनी मला त्याची दोन्ही टोकं फ्यूजच्याच घरात घालायला लावली, फ्यूजच्या जागी. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, हा माळवदाच्या खुंटीवरचा सिरीज लॅम्पच होता, बारा व्होल्टाचा. "डबी खाईल तेवढ्यावर दिवा मिणमिणंल," बापू म्हणाले. "भडक पेटला तर तार अंगाला लागलीय."

चावी दिली. बल्ब भडक पेटला.

मग इंजीन थोडं निवेपर्यंत थांबलो. बापूंनी करवंदीच्या जाळीतली एक वाळकी काडी घेतली आणि वायरींची एकेक जुडी हलक्या हातानं उचलून बघू लागले. माझी नजर बल्बवर. बॅटरीकडची जुडी हलवली, काही नाही. डबीकडची हलवली, काही नाही. सायलेन्सरच्या नळीपाशी गेले, काडीनं एक वायर नळीवरून चिकटलेली सोडवली, आणि बल्ब एकदम मंद झाला.

"हां," बापू म्हणाले.

धुरातला प्राणवायू मोजणारा जो सेन्सर असतो, त्याला गरम करायची ही वायर. चार बोटं लांबीवर तिचं प्लॅस्टिक कुरतडलेलं होतं. बारीक दातांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. कडब्याच्या गंजीशेजारी गाडी लावायचो, रात्री गरम इंजिनावर उंदीर येऊन बसायचे. नागडी तार सपाट रस्त्यावर लांब राहायची. चढावर इंजीन हललं की नळीला टेकायची. पहिल्यांदा तशीच टेकून सुटली होती. या वेळी उरलेलं प्लॅस्टिक वितळून ती नळीलाच चिकटली. त्या जागेपासून पेट्रोलची नळी वीतभर अंतरावर होती. मी हातातल्या तांब्याच्या आकड्याकडं बघितलं. तो फ्यूजच्या घरात गेला असता तर फ्यूज उडाला नसता, हे खरं. पण मग काहीतरी तापणं भागच होतं, आणि ते काय तापलं असतं ते माझ्यासमोर होतं. मागच्या सीटवर आई होती.

बापूंच्या कोपरीच्या खिशात वाइंडिंगच्या स्लीव्हचा तुकडा होता. काचेच्या धाग्याची, उष्णता सोसणारी नळी. दुकान बंद करून सात वर्षं झाली तरी खिशात. ती उभी चिरून मी नागड्या तारेवर चढवली, वरून सुती पट्टी घट्ट गुंडाळली. बोटं माझी, सांगणं त्यांचं. वायर नळीपासून लांब ओढून दुसऱ्या जुडीला बांधली. बल्ब काढून तिसरा निळा फ्यूज बसवला. चावी दिली. पिवळा दिवा लागून विझला, पंप बोलला, इंजीन सुरू झालं.

दवाखान्यात आम्ही साडेअकराला पोहोचलो. डॉक्टर थोडं बोलले आणि तपासलं. पुढच्या पंधरवड्यात ऑपरेशन झालं. गाडीच्या त्या वायरीचा तुकडा नगरला नीट बदलून घेतला. डबी आजही तीच आहे, पहिलीच.

त्या दिवशी संध्याकाळी घरी परतताना बापू म्हणाले, "गाडी डीपीकडून घे." तीस वर्षांत ते त्या डीपीच्या बाजूला फिरकले नव्हते, आपल्याच वावरात जायचं तर ओढ्याकडून वळसा घालून जायचे. मी बांधाला गाडी थांबवली. पेटीचं दार कधीचं मोडून लोंबत होतं. लांबूनच आत दिसत होतं: तिन्ही किटकॅटच्या जागी ॲल्युमिनियमच्या तारेचे जाड पदर पिळून घातलेले. बापूंचे नव्हेत, नंतरच्या कुणाचे तरी. डीपीसुद्धा मधे एकदा बदलून मोठी आली होती. तारा मात्र तशाच जाड.

घरी आल्यावर काकीनं चहा ठेवला. बापूंनी कपबशी हातात घेतली आणि तिला म्हणाले, "आज पोराला सांगितलं मी." काकी चुलीतलं लाकूड मागं ओढत होती. म्हणाली, "बरं केलं. चहा निवंल." त्या दोघांत यावर पुढं कधी काही बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. मात्र दुसऱ्या दिवशी बापूंनी ओट्यावर बसल्या बसल्या मला अर्ज लिहायला सांगितला आणि सगळ्या मोटारवाल्यांच्या सह्या आणायला लावल्या. वायरमनच्या मागं लागून दोन महिन्यांनी पेटीला नवं दार बसलं, योग्य मापाच्या फ्यूज तारा बसल्या, आणि अर्ध्या लोकांनी रात्री आणि अर्ध्यांनी दिवसा मोटारी चालवायच्या असं चावडीवर ठरलं. ते ठरलेलं सगळे पाळतात असं नाही.

बापूंना जाऊन आता काही वर्षं झाली. गाडीच्या कप्प्यात निळ्या फ्यूजांची पुडी आहे आणि तो इंडिकेटरचा बल्ब आहे. डीपीचा फ्यूज पावसाळ्यात चार-पाच वेळा उडतो. लोक मला येऊन बोलतात, "गुरुजी, तुमच्या बापानं हे लचांड लावून ठेवलं. पूर्वी वर्ष-वर्ष उडत नव्हता." मी ऐकून घेतो. वायरमनला फोन लावतो. आणि तो येईपर्यंत कुणाला त्या पेटीजवळ जाऊ देत नाही.